आयर्लंडमधील ग्रामीण लोहारशाळा : वस्तू आणि शब्द

एखादा समाज आपली भाषा सोडून दुसरी भाषा स्वीकारतो, तेव्हा जुन्या भाषेतील कोणते शब्द नव्या भाषेत टिकून राहतात, हा भाषाशास्त्रातील एक जुना व महत्त्वाचा प्रश्न आहे. नातेवाचक शब्द, शिव्याशाप, आशीर्वाद आणि प्रार्थनेतील वचने ही बहुधा टिकतात, असा सर्वसाधारण समज आहे. तो चुकीचा नाही. परंतु अपुरा आहे. आयर्लंडमधील इंग्रजी बोलणाऱ्या शेतकऱ्याच्या तोंडी ‘लॉय’ आणि ‘स्लान’ हे दोन शब्द दीर्घ काळ राहिले, आणि मोठ्या इंग्रजी कोशांतही त्यांना स्थान मिळाले. हे दोन्ही शब्द मूळचे आयरिश भाषेतील असून ते ना नात्याचे आहेत, ना देवधर्माचे. पहिले नाव एका प्रकारच्या फावड्याचे आहे; दुसरे, इंधनासाठी जमीन कापण्याच्या एका हत्याराचे. ऐरणीला, हातोड्याला व सांडशीला इंग्रजी नावे मिळाली असता या दोन हत्यारांची आयरिश नावेच का राहिली, या प्रश्नाचे उत्तर कोशात सापडत नाही. त्यासाठी खेड्यातील लोहारशाळेत जावे लागते.

शब्दाचा इतिहास वस्तूच्या इतिहासापासून वेगळा काढता येत नाही, हे मत युरोपात ह्यूगो शुखार्ट व रुडोल्फ मेरिंगर या विद्वानांनी आग्रहाने मांडले, आणि १९०९ मध्ये ‘शब्द आणि वस्तू’ याच अर्थाच्या नावाचे जर्मन नियतकालिक त्यासाठी सुरू झाले. आयर्लंडमधील लोहारकाम हे या मताची परीक्षा घेण्यास उत्तम क्षेत्र होय. याचे कारण असे की, तेथे एकोणिसाव्या शतकात भाषा झपाट्याने बदलली, परंतु घरातील चूल, शेतातील वरंबे आणि गावातील भट्टी ही तीनही त्यानंतर कित्येक दशके पूर्ववत चालू राहिली.

१. लोहाराचे नाव व त्याचे स्थान

प्राचीन आयरिश भाषेत लोहारास ‘गोबे’ म्हणत. षष्ठी विभक्तीत त्याचे रूप ‘गोबन’ असे होई. आजच्या आयरिश उच्चारात त्याचे ‘गाउ’ झाले आहे. वेल्श व ब्रेटन या भगिनीभाषांतही हाच शब्द ‘गोव्ह’ अशा रूपाने आढळतो, आणि ब्रिटनी प्रांतातील ‘ल गॉफ’ हे आडनाव त्यावरूनच आले. ब्रिटनमधील ‘गोबान्निउम’ या रोमन ठाण्याच्या नावाच्या मुळाशीही हाच शब्द असल्याचे मानले जाते. आयर्लंडमधील ‘मॅगाउन’ हे आडनाव म्हणजे ‘लोहाराचा पुत्र’. कॅव्हन परगण्यात या घराण्यांपैकी अनेकांनी आडनावाचे सरळ भाषांतर करून ‘स्मिथ’ हे इंग्रजी नाव घेतले. त्यामुळे तेथे स्मिथ आढळला, तर तो इंग्रज वंशाचा असेलच असे नाही.

लोहारशाळेस आयरिश भाषेत ‘क्यार्ता’ म्हणतात. या शब्दाचे जुने रूप ‘केर्द’ म्हणजे कारागीर, आणि घर या अर्थाचा दुसरा शब्द, यांच्या समासातून झाले आहे. ‘केर्द’ हा शब्द धातूच्या कारागिराप्रमाणेच कवीलाही लावीत. वेल्श भाषेत त्याच शब्दाला गीत किंवा काव्य असा अर्थ आला आहे. घडविणारा तो कारागीर, मग त्याचे द्रव्य लोखंड असो की शब्द असो, अशी ही कल्पना दिसते.

या प्रतिष्ठेस कायद्याचाही आधार होता. सुमारे आठव्या शतकातील आयरिश न्यायग्रंथांत प्रत्येक व्यक्तीचे मानमूल्य ठरविलेले असे. तिचा अपमान वा इजा झाल्यास त्या मानाने भरपाई द्यावी लागे. या ग्रंथांत लोहाराला वैद्य व कुशल सुतार यांच्या पंक्तीस बसविले आहे. पुराणकथांत ‘गोव्निउ’ हा देवांचा लोहार होय. युद्धात तो भाल्यांची पाती घडवून देतो. अल्स्टरच्या वीरकथांचा नायक कू खुलिन याचे नावसुद्धा एका लोहाराशी निगडित आहे. कुलन नावाच्या लोहाराचा राखणदार कुत्रा सेतांता नावाच्या बालकाच्या हातून मारला गेला. नवे पिल्लू मोठे होईपर्यंत राखण करण्याचे त्या बालकाने पत्करले. तेव्हापासून त्याला ‘कुलनचा कुत्रा’ म्हणजेच कू खुलिन हे नाव पडले.

आदराच्या जोडीला भीतीही होती. संत पॅट्रिकच्या नावावर असलेल्या एका प्राचीन संरक्षणस्तोत्रात स्त्रिया, लोहार आणि ड्रुइड पुरोहित यांच्या मंत्रांपासून रक्षण व्हावे, अशी याचना आहे. दगडासारख्या द्रव्याला अग्नीत मऊ करून हवा तो आकार देणारा मनुष्य साधा नसावा, अशी ही समजूत विसाव्या शतकापर्यंत खेड्यापाड्यांत टिकून होती.

२. भट्टी, इंधन आणि काम

खेड्यातील लोहारशाळा बहुधा चव्हाट्यावर, रस्ते मिळतात तेथे, व शक्यतो ओढ्याच्या जवळ असे. दगडी भिंती, मोठे दार आणि आत मुद्दाम राखलेला अंधुक प्रकाश, हे तिचे सामान्य रूप होय. काही ठिकाणी दाराची दगडी कमान घोड्याच्या नालेच्या आकाराची बांधीत. अंधाराला कारण होते. तापलेल्या लोखंडाचा रंग हेच लोहाराचे उष्णतामापक यंत्र. भर उन्हात तो रंग नीट ओळखता येत नाही. काळसर तांबडा, लाल, पिवळा आणि अखेर पांढरा अशा क्रमाने रंग बदलत जातो. वाकविण्यास लाल रंग पुरतो. दोन तुकडे एकजीव करावयाचे असतील, तर मात्र पांढऱ्या रंगापर्यंत जावे लागते. या वेळी वर बारीक वाळू टाकीत. ती वितळून पृष्ठभागावरील गंजाचा थर बाजूस सारते व धातू धातूस मिळतो. क्षणभर उशीर झाला तर सांधा धरत नाही. क्षणभर अधिक तापविले तर लोखंड जळून ठिणग्या उडू लागतात.

हत्याराच्या धारेसाठी पोलादाची पट्टी साध्या लोखंडावर अशाच रीतीने बसवीत. पोलाद महाग असल्याने ते धारेपुरतेच वापरीत. नंतर पाणी देण्याची क्रिया येते. तापवून पाण्यात बुडविलेले पोलाद कठीण परंतु ठिसूळ होते. म्हणून ते पुन्हा किंचित तापवून पिवळसर, तपकिरी, जांभळा वा निळा यांपैकी कामाला योग्य असा रंग चढताच थांबवितात. दगडाळ जमिनीत चालणाऱ्या पात्याची धार फार कठीण ठेवली तर ती तुटते. मऊ ठेवली तर झिजते. गावाची जमीन लोहाराला ठाऊक असे, ती या अर्थाने.

ऐरणीचे आयरिश नाव ‘इन्योन’. भात्याचे नाव ‘बिलिग’. हे दुसरे नाव ‘बोलग’ म्हणजे पिशवी या शब्दाचे अनेकवचन आहे. मराठीतील ‘भाता’ हा शब्द ज्या संस्कृत ‘भस्त्रा’पासून आला, त्याचाही मूळ अर्थ चामड्याची पिशवी असाच आहे. लोखंडास आयरिश भाषेत ‘इअरन’ म्हणतात. हा शब्द प्राचीन केल्टिक असून जर्मानिक भाषांनी तो केल्टिक लोकांकडूनच घेतला, असे बहुतेक भाषाशास्त्रज्ञ मानतात. म्हणजे ज्या इंग्रजीने पुढे आयरिश भाषेला मागे सारले, त्या इंग्रजीतील लोखंडाचे नाव मुळात केल्टिक आहे.

प्राचीन काळी दलदलीतील लोहखनिज कोळशावर वितळवून लोखंड काढीत. सतराव्या शतकातील मोठ्या भट्ट्यांनी अरण्ये खाऊन टाकली. त्यानंतरच्या काळात खेड्यातील लोहार स्वतः लोखंड गाळीत नसे. बाहेरून आलेल्या सळया व पट्ट्या विकत घेई, आणि झिजलेले प्रत्येक हत्यार पुन्हा उपयोगात आणी. लाकडाच्या दुर्भिक्षामुळे अनेक ठिकाणी ‘पीट’चा कोळसा भट्टीसाठी वापरीत. ‘पीट’ म्हणजे दलदलीत हजारो वर्षे अर्धवट कुजत साठलेला वनस्पतींचा थर. तो विटांप्रमाणे कापून वाळविला म्हणजे सरपण होते. घरातील चूलही यावरच चाले. भट्टी आणि चूल यांचे मूळ असे एकाच दलदलीत होते.

३. घरातील लोखंड

आयरिश शेतकऱ्याच्या घरी उघडी चूल हीच घराचा मध्य असे. अग्नी जमिनीवर, आणि त्याच्या बाजूस ‘क्रोख’ नावाचा लोखंडी आडणा. हा उभ्या दांड्यावर दारासारखा फिरे. त्याच्या आडव्या हातास आकड्या व साखळ्या अडकवून भांडे टांगीत, आणि आकडी वरखाली करून आच कमीअधिक करीत. भांडे उतरवावयाचे झाले म्हणजे गृहिणी आडणा बाहेर फिरवी. तिला अग्नीवर वाकावे लागत नसे. ही वस्तू गावच्या लोहाराने त्या विशिष्ट चुलीच्या मापानेच केलेली असे.

येथे एक भेद ध्यानी ठेवणे अवश्य आहे. त्या आडण्यावर टांगलेले तीन पायांचे भांडे लोहाराने केलेले नसे. ते ओतीव लोखंडाचे, कारखान्यातून बाजारात आलेले असे. आणि त्याला आयरिश भाषेत वापरात असलेला ‘पोता’ हा शब्दही बाहेरून आलेला आहे. जे घडीव ते गावचे, जे ओतीव ते बाहेरचे, अशी सर्वसाधारण विभागणी होती. ओटच्या भाकऱ्या अग्नीपुढे उभ्या करून कडक करण्याची घडी, भांड्याखालची तिवई, दाराच्या बिजागऱ्या, कड्या व कोयंडे, शेताच्या वाटेवरील फाटक ही सर्व घडीव कामे होत. भाकरीच्या घडीवर पिळाच्या सळया किंवा बदामाचा आकार काढून लोहार आपले कौशल्य दाखवी.

दिव्यासाठी लव्हाळ्याचा उपयोग करीत. लव्हाळ्याची साल काढून आतील गर चरबीत बुडवीत व वाळवीत. ही वात धरण्यासाठी चिमट्याच्या तोंडाचा एक लोखंडी धारक असे. त्याच्या एका भुजेला वजन असल्याने तोंड आपोआप मिटलेले राही. वात जळत जाई तशी ती हाताने पुढे सरकवावी लागे. मेणबत्ती विकत घेणे ज्यांना परवडत नसे, त्यांच्या घरचा उजेड असा लोहाराच्या हातून येई.

चुलीजवळच्या चिमट्याला ‘त्लू’ म्हणत. तान्हे मूल पाळण्यात एकटे ठेवावे लागले, तर पाळण्यावर हा चिमटा आडवा ठेवीत. लोखंडास अद्भुत योनीतील लोक भितात, व त्यामुळे ते मूल पळवून त्याजागी दुसरे ठेवू शकत नाहीत, अशी श्रद्धा होती.

४. शेतातील लोखंड

शेतकामात लोहाराचे ज्ञान अधिक कसाला लागे. ‘लाई’, म्हणजेच इंग्रजी उच्चारातील ‘लॉय’, हे पश्चिमेकडील, विशेषतः कॉनाख्ट प्रांतातील, फावडे होय. लांब जड लाकडी दांडा, त्याच्या टोकास अरुंद लोखंडी पाते, आणि पाय देण्यास फक्त एकाच बाजूस जागा, अशी त्याची रचना असते. दांड्याच्या मागील जाड टाचेवर टेकू घेऊन गवतासह मातीचा तुकडा उपटून उलटा पाडता येतो. दोन्ही बाजूंचे तुकडे मधल्या पट्टीवर पालथे पाडले म्हणजे वरंबा तयार होतो. दोहो बाजूंस पाण्यासाठी चर राहतात. ओल्या, थंड मुलखात बटाट्याचे पीक या वरंब्यांमुळेच शक्य झाले. जेथे नांगर चालत नाही अशा उतारावर व दगडाळ तुकड्यांवर लाखो कुटुंबे याच हत्यारावर जगली.

पात्याची लांबी, रुंदी आणि दांड्याशी असलेला त्याचा कोन, या तीन गोष्टी प्रत्येक भागात निराळ्या. चिवट चिकणमातीत अरुंद व लांब पाते आत शिरते. सैल मातीत रुंद पाते सोयीचे पडते. कोन चुकला, तर दिवसअखेर खणणाऱ्याची पाठ त्याची साक्ष देई. ईशान्येकडे दोन्ही पायांना जागा असलेले फावडे अधिक रूढ होते. तेथे एकोणिसाव्या शतकात पाण्यावर चालणाऱ्या अवजड घणांचे फावड्यांचे कारखाने वाढले. परंतु त्यांनाही निरनिराळ्या भागांसाठी अनेक निरनिराळे नमुने ठेवावे लागले. कारखान्याने लोहाराचे काम घेतले, तरी गावाची माती त्याला बदलता आली नाही. अँट्रिम परगण्यातील टेंपलपॅट्रिक येथे १९१९ मध्ये स्थापन झालेला असा एक कारखाना पुढे ‘नॅशनल ट्रस्ट’ या संस्थेने जतन केला.

‘श्लान’, इंग्रजीत ‘स्लान’, हे पीट कापण्याचे हत्यार होय. त्याच्या पात्याच्या कडेला काटकोनात एक पंख असतो. त्यामुळे एकाच दाबात विटेच्या दोन बाजू कापल्या जातात. काही ठिकाणी थर वरून खाली पायाच्या जोराने कापीत. काही ठिकाणी समोरून आडवा कापीत. आणि त्याप्रमाणे हत्याराची घडण बदले. कापणारा डावखुरा असेल तर पंख दुसऱ्या बाजूस हवा. हे हत्यार दुकानातून आणण्यापेक्षा लोहारासमोर उभे राहून करून घेणे अधिक श्रेयस्कर का मानीत, हे यावरून कळेल.

नांगराचा फाळ झिजला म्हणजे त्याला नवे टोक जोडणे, फाळापुढे जमीन उभी चिरणारी सुरी बसविणे, घोड्यांना व गाढवांना नाल ठोकणे ही वर्षभराची कामे. गाडीच्या चाकास धाव बसविणे हे मात्र गावातील एक प्रेक्षणीय काम असे. धाव चाकाच्या परिघापेक्षा किंचित लहान करून, पीटच्या विस्तवात लाल होईपर्यंत तापवीत. प्रसरण पावलेली धाव सांडशांनी उचलून चाकावर ठेवीत, घणाने बसवीत आणि लगेच पाणी ओतीत. थंड होताना ती आकसे व सगळे सांधे करकचून आवळले जात. या कामास तीन-चार माणसे लागत, म्हणून शेजारी मदतीस येत.

५. मोबदला, श्रद्धा व संशय

लोहाराचा मोबदला नेहमीच पैशाने दिला जात नसे. पीट, बटाटे, धान्य, किंवा त्याच्या शेतात एक दिवसाचे काम, अशा रूपाने तो चुकता होई. मराठी वाचकास येथे बलुत्याचे स्मरण होणे स्वाभाविक आहे. परंतु साम्य मर्यादित आहे. आयरिश लोहार हा गावाचा वतनदार नव्हता व त्याची जातही नव्हती. धंदा बहुधा बापाकडून मुलाकडे जाई. तथापि तो संबंध गावाशी नसून एकेका घराशी, रूढीने बांधलेला असे.

लोखंड विझविलेल्या डोणीतील पाणी चामखिळीवर गुणकारी समजत, आणि ते घेण्यासाठी लोक दुरून येत. लोहाराने ऐरण फिरवून दिलेला शाप टळत नाही, असेही मानीत. राज्यकर्त्यांना मात्र लोहाराचे वेगळेच भय वाटे. १७९८ च्या उठावात बंडखोरांचे मुख्य शस्त्र लांब दांड्याचा भाला हे होते, आणि त्याची पाती खेड्यांतील भट्ट्यांतच घडली. म्हणून त्या काळात सैन्याने संशयित लोहारांना पकडले व कित्येक लोहारशाळा जाळल्या. फावडे करणारा हात भालाही करू शकतो, हे दोन्ही पक्षांना ठाऊक होते.

६. भाषा बदलली तेव्हा

१८५१ च्या जनगणनेत प्रथमच आयरिश भाषेविषयी प्रश्न विचारला गेला. त्या वेळी सुमारे १५ लाख लोक, म्हणजे शेकडा २३, ती भाषा बोलत. १८४५ पासूनच्या दुष्काळाने बोलणाऱ्यांपैकी असंख्य लोक आधीच मृत्यूने व देशांतराने नाहीसे केले होते. १८९१ पर्यंत हे प्रमाण शेकडा १५ च्याही खाली गेले. म्हणजे अनेक गावांत आजा आयरिश बोलत असे, नातू इंग्रजी. परंतु दोघे एकाच भट्टीवर एकाच प्रकारचे फावडे करून घेत.

आता आरंभीच्या प्रश्नाकडे वळता येईल. ऐरण, हातोडा, सांडशी ही साधने इंग्लंडमध्येही तशीच होती. वस्तू तीच असल्याने नव्या भाषेतील नाव जुन्या नावाच्या जागी सहज बसले. ‘लाई’ व ‘श्लान’ यांचे तसे नव्हते. इंग्रजीतील फावड्याचा शब्द वापरला, तर दोन पायांच्या फावड्याची मूर्ती डोळ्यांपुढे उभी राही. लोहाराकडे हवी ती वस्तू सांगता येत नसे. चुकीचा शब्द म्हणजे चुकीचे हत्यार, आणि चुकीचे हत्यार म्हणजे वाया गेलेले पोलाद. ज्या शब्दाच्या चुकीची किंमत मोजावी लागते, तो शब्द भाषांतराच्या वेळी सोडून दिला जात नाही. जे. एम. सिंग यांच्या १९०७ मधील ‘द प्लेबॉय ऑफ द वेस्टर्न वर्ल्ड’ या इंग्रजी नाटकाचा नायक आपल्या बापाच्या डोक्यात ‘लॉय’ मारल्याचे सांगतो, साधे फावडे मारल्याचे नव्हे.

हा निष्कर्ष काढताना एक सावधगिरी आवश्यक आहे. दिसण्यात आयरिश असलेला प्रत्येक शब्द आयरिशमधून आलेला नसतो. अल्स्टरच्या इंग्रजीत नांगराच्या फाळास ‘सॉक’ म्हणतात; आयरिश भाषेतही फाळास ‘सॉक’ हाच शब्द असून त्याचा दुसरा अर्थ डुकराचे मुस्कट असा आहे. मुस्कटाने जमीन उकरणारे जनावर आणि जमीन उकरणारा फाळ यांचे साम्य उघड आहे. तथापि अल्स्टरमधील शब्द आयरिश लोकांकडून घेतलेला नसून, स्कॉटलंड व उत्तर इंग्लंडच्या बोलींतून तेथे आला. त्या बोलींनी तो फ्रेंचमधून घेतला. आणि फ्रेंचमध्ये तो प्राचीन गॉल देशाच्या केल्टिक भाषेतून उतरला. एकच केल्टिक शब्द एका वाटेने थेट व दुसऱ्या वाटेने युरोप फिरून एकाच शेतात आला, असे हे उदाहरण आहे. नांगराचे आयरिश नाव ‘केख्ता’ याचाही संबंध फांदी या अर्थाच्या धातूशी, व त्याद्वारा संस्कृत ‘शाखा’ या शब्दाशी जोडला जातो. वाकडी फांदी हाच मूळचा नांगर होय.

वस्तू गेल्यावर शब्दाचे काय होते, याचेही एक उदाहरण देता येईल. अल्स्टरमध्ये अन्य धर्मपंथाच्या मनुष्यास ‘तो दुसऱ्या पायाने खणतो’ असे म्हणण्याची रीत आहे. एका बाजूला पाय देण्याच्या व दोन्ही बाजूंना पाय देण्याच्या फावड्यांतील भेदावरून ती निघाली, अशी उपपत्ती दिली जाते. फावडी हातातून गेली. कॅथलिक व प्रॉटेस्टंट यांच्यामधील अंतर दाखविण्यापुरता वाक्प्रचार तेवढा उरला. हत्याराने शिकविलेले मातीचे ज्ञान विसरले गेले, आणि त्याने सूचित केलेला दुरावा मात्र स्मरणात राहिला.

७. भट्टी विझली तेव्हा

दुसऱ्या महायुद्धाच्या काळात इंधनतेलाच्या टंचाईमुळे घोडा व पीट यांना पुन्हा महत्त्व आले व लोहाराला काही वर्षे काम मिळाले. त्यानंतर मात्र चारी बाजूंनी बदल झाले. डाउन परगण्यात जन्मलेल्या हॅरी फर्ग्युसन यांचा लहान ट्रॅक्टर १९४६ पासून मोठ्या प्रमाणावर निघू लागला व घोडा शेतातून गेला. त्याच वर्षी पीट-उद्योगाच्या यांत्रिकीकरणासाठी ‘बोर्ड ना मोना’ हे मंडळ स्थापन झाले. त्याच वर्षी ग्रामीण विद्युतीकरणाचा पहिला खांब डब्लिनच्या उत्तरेस उभा राहिला. वीज आली तेथे हळूहळू उघडी चूल गेली, आणि चुलीबरोबर तिचा आडणा गेला. नाल ठोकणारे कारागीर आजही आहेत. परंतु ते बहुधा मोटारीतून घोड्याकडे जातात. चव्हाट्यावरील भट्टी सर्व गावाची गरज राहिली नाही.

सुदैवाने त्यापूर्वीच एक मोठी नोंद झाली होती. १९३५ मध्ये स्थापन झालेल्या आयरिश लोकसाहित्य आयोगाने १९३७ ते १९३९ या काळात २६ परगण्यांतील सुमारे ५,००० प्राथमिक शाळांतून एक योजना राबविली. सुमारे ५०,००० विद्यार्थ्यांनी घरच्या व शेजारच्या वृद्धांस विचारून माहिती लिहून आणली. नेमून दिलेल्या विषयांत ‘गावची लोहारशाळा’ हा एक विषय होता. भट्टी कोठे आहे, छप्पर कशाचे, भाता कसा, कोणती हत्यारे होतात, पाण्याचे गुण कोणते, अशा प्रश्नांची उत्तरे मुलांनी दिली. हा सुमारे ७,४०,००० पृष्ठांचा संग्रह डब्लिनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात असून आता संगणकाद्वारे कोणासही पाहता येतो. उत्तरेकडील सहा परगणे या योजनेबाहेर राहिले. ती उणीव भूगोलज्ञ एस्टिन इव्हान्स यांच्या १९५७ मधील ‘आयरिश फोक वेज’ या ग्रंथाने, आणि १९६४ मध्ये खुल्या झालेल्या अल्स्टर लोकसंग्रहालयाने काही अंशी भरून काढली.

या नोंदींचे मूल्य कोशाशी तुलना केली असता स्पष्ट होते. पॅट्रिक डिनीन यांच्या १९०४ च्या व १९२७ मध्ये वाढविलेल्या आयरिश-इंग्रजी कोशात ग्रामीण वस्तूंचे शब्द विपुल आहेत, आणि त्याबद्दल अभ्यासक त्यांचे ऋणी आहेत. तथापि कोश कितीही चांगला असला तरी शब्दापुढे दुसरा शब्द ठेवतो. पात्याचा कोन ठेवू शकत नाही. उलटपक्षी, संग्रहालयातील पाते आपला कोन दाखविते, परंतु ते कोणत्या मातीसाठी व कोणत्या हातासाठी होते हे सांगत नाही. शब्द, वस्तू आणि ती वापरणाऱ्याची साक्ष ही तीनही एकत्र असतील, तरच ज्ञान पुरे होते. शाळकरी मुलांच्या वह्यांत ती पुष्कळदा एकत्र आढळतात, कारण त्या लिहिल्या गेल्या तेव्हा भट्टी अद्याप पेटलेली होती.

यावरून एवढे निश्चित म्हणता येते की, आयर्लंडमध्ये भाषा बदलल्याने जे शब्द मेले नाहीत, ते हत्यार बदलल्याने मेले. ‘लॉय’ व ‘स्लान’ यांनी एका भाषेचा अस्त पाहिला आणि दुसऱ्या भाषेत घर केले; लोहाराच्या जाण्यातून मात्र ते सुखरूप पार पडले नाहीत. ज्यांना बोलींतील शब्द गोळा करावयाचे आहेत, त्यांनी कारागिराच्या दारी वेळेवर जावे, आणि शब्दाबरोबर वस्तूचे माप व वापरणाऱ्याचे म्हणणेही लिहून घ्यावे. भट्टी थंड झाल्यावर विचारलेल्या प्रश्नास उत्तर मिळते ते केवळ नावाचे.